ओ-हात्सुचा उलटा किमोनो

ऑगस्टातल्या दुपारी अर्ध्या जगाला झोप येते आणि उरलेल्या अर्ध्याला ती लपवता येते. तोमोए सेरिझावा या दुसऱ्या अर्ध्यातली. खालून उजेड असलेल्या, चित्रं तपासायच्या काचेच्या टेबलावर मान घालून ती पाच मिनिटं डुलकी काढायची, आणि पेन्सिल हातात अशी धरलेली असायची की बघणाऱ्याला वाटावं, बाई काहीतरी फार बारीक बघतायत. बत्तीस वर्षांत कुणाला पत्ता लागला नव्हता. लागला असेल तर एकट्या ओनोदेरांना, तिला हे काम शिकवणाऱ्या म्हाताऱ्या चित्रकाराला, आणि ते जूनमध्ये वारले.

त्या दिवशी डोळा लागणार एवढ्यात बांदोने टेबलावर पाकीट आपटलं. बांदो म्हणजे मिनोमुशी या ॲनिमेशन स्टुडिओचा व्यवस्थापक, वय पन्नास, गळ्यात बारा महिने टॉवेल.

"शॉट दोनशे चौदा," तो म्हणाला. "परत आलाय."

"ओनोदेरा-सानांचा? परत?"

"माझ्यावर ओरडू नका हं, तोमोए-सान. मी आपला भारवाही बैल. आत चिठ्ठी आहे."

चिठ्ठी दिग्दर्शक कानेमारूबाईंची होती. अक्षर नीटनेटकं, मजकूर त्याहून नीटनेटका. किमोनोचा गळा उलटा आहे. आरशात बघून काढल्याने झालेली चूक दिसते. आठही मुख्य चित्रांत दुरुस्त करावी. शॉट चार सेकंदांचा ठरला होता, सहा झाला आहे. शेवटची दोन सेकंदं कापावीत. उद्या संध्याकाळपर्यंत रंगवणाऱ्यांकडे जायला हवं.

तोमोएने चिठ्ठी दोनदा वाचली, घडी घातली आणि पेन्सिलच्या डब्याखाली दाबून ठेवली. जणू दाबून ठेवली की ती खोटी ठरणार होती.

"दोन रेघांचं तर काम आहे," बांदो समजुतीच्या सुरात म्हणाला. "पुसायच्या, काढायच्या. म्हाताऱ्याला कोण नावं ठेवतंय? तापात होते. हॉस्पिटलचा किमोनो अंगात, आरसा समोर. दिसलं तसं काढलं बिचाऱ्यांनी. शेवटी शेवटी डोकं जरा..." त्याने हात हवेत हलवला.

"जरा काय?"

"काही नाही. जवाचा चहा आणू? गार आहे."

"आण," तोमोए म्हणाली. "आणि तो टॉवेल धू."

बांदो गेला. रेल्वे फाटकाची घंटा वाजायला लागली, कामिइगुसाच्या रुळांवरून लोकल सावकाश गेली, खिडकीच्या काचा थरथरल्या आणि गप्प झाल्या. झाडावरचे किडे मात्र एका सुरात किरकिरत राहिले. तोमोएने पाकिटातून कागद काढले.

आता खरं दुखणं सांगतो. तो आरसा तोमोएनेच नेऊन दिला होता. ओनोदेरांच्या टेबलावरचा, कोपरा फुटलेला, चाळीस वर्षं त्यांनी ज्यात बघून हात, तोंडं, जांभया आणि रडणी काढली तो. "अगं, माझा आरसा आण, इथं नुसतं छत बघून वेड लागेल," असं ते म्हणाले म्हणून तिने तो फडक्यात गुंडाळून बसने हॉस्पिटलात नेला. शेवटच्या भेटीत ते तिच्याकडे बघून म्हणाले होते, "अठ्ठेचाळीस राहू दे." तिने विचारलं, कसले अठ्ठेचाळीस? नर्स म्हणाली, ताप आहे, मनावर घेऊ नका. तिने मनावर घेतलं नाही. तीन दिवसांनी ते वारले, आणि तेव्हापासून तिने मनावर घेण्यापलीकडे दुसरं काही केलं नाही.

हा गळा जर खरंच चुकला असेल तर ओनोदेरा मरायच्या आधीच गेले होते. तिला शेवटचं जे भेटलं ते नुसतं तापलेलं शरीर, आणि शेवटचे शब्द म्हणजे बडबड. तोमोएला हे सोसवत नव्हतं. प्रेम होतं का? होतं. मग बत्तीस वर्षांत बोलली का नाही? ते आता मला विचारू नका, मी तिला दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा माझ्याच अंगावर खेकसली.

चूक झाली असेल तर ती जगातल्या कुठल्याही माणसाने करावी, पण ओनोदेरांनी? त्यांनी?

तोमोए बावीस वर्षांची असताना, नोकरीच्या पहिल्याच महिन्यात, तिने एका शॉटमध्ये जत्रेला निघालेली मुलगी काढली होती. पोझ सापडेना म्हणून बहिणीचा किमोनो घालून आरशासमोर उभी राहिली आणि दिसलं तसं काढलं. ओनोदेरांनी तो कागद उचलून सगळ्या खोलीला दाखवला. "बघा रे! सेरिझावाने पोरगी जत्रेला पाठवली, पण तिरडीवरून!" सगळे हसले. तिला कळेना. मग तिचं तिलाच दिसलं आणि कान लाल झाले. जिवंत माणसाच्या किमोनोची डावी बाजू वर येते, उजवी आत जाते. उलटं गुंडाळतात ते फक्त मढ्याला. आरशात डावं उजवं होतं, आणि तिने हसऱ्या पोरीला प्रेताचे कपडे घातले होते.

हसून झाल्यावर ओनोदेरा तिच्या टेबलाशी आले आणि हळूच म्हणाले, "आरसा खोटारडा असतो, पण पालथा घातला की खरं बोलतो." त्यांनी कागद उलटा करून उजेडाच्या काचेवर ठेवला. पाठीमागून रेघा उमटल्या, गळा सरळ झाला. "हे असं बघायचं. मग वर कोरा कागद ठेवायचा आणि गिरवायचं. रोज. मेलीस तरी विसरायचं नाही."

मेलीस तरी विसरायचं नाही, म्हणे. आणि स्वतः?

तोमोएने खोडरबर उचललं. समोर पहिलं मुख्य चित्र होतं. सिनेमा साधा होता. नाओ नावाची दहा वर्षांची मुलगी उन्हाळ्यात समुद्रकाठी आजीच्या बहिणीकडे, ओ-हात्सुकडे राहते. सुट्टी संपते, नाओ बस पकडायला पळते आणि ओ-हात्सु दारात येऊन पंखा हलवते. नाओ वळून बघत नाही. हिवाळ्यात पत्र येतं, ओ-हात्सु गेली. दोनशे चौदावा शॉट म्हणजे ते दार आणि तो पंखा. बाकी शॉटमध्ये काही नाही.

ओनोदेरांची रेघ तीच होती, कुठेही न थबकणारी. ओ-हात्सु उंबऱ्यापाशी येते, चौकटीला हात लावते, डोळे किलकिले करते. गालावर तीळ. हातात कागदी पंखा. आणि गळ्याशी ते उलटं गुंडाळणं.

खोडरबर कागदाला टेकलं आणि तिथेच थांबलं. पुसवेना. काचेखालचा उजेड दुधासारखा पांढरा होता, किड्यांची किरकिर खोलीभर पसरली होती, विजेच्या पंख्याचा वारा गरम. तोमोएची मान हळूहळू खाली गेली.

आणि ओ-हात्सु कागदातून उतरली. उतरली म्हणजे, उंबरठा ओलांडावा तशी कागदाची कड ओलांडून टेबलावर आली, पाय हलवत खडूच्या डब्यावर बसली आणि पंखा घालायला लागली. तिच्या पंख्याचा वारा गार होता, त्याला समुद्राचा वास होता. तोमोएच्या मानेवरचा घाम सुकला.

"पुसतेयस होय?" ओ-हात्सु म्हणाली. "पूस, पूस. आम्हाला काय, आम्ही पेन्सिलीची माणसं."

"मला नाही पुसायचं, आजी. वरून हुकूम आहे."

"हुकूम! बत्तीस वर्षं डोळ्यांत तेल घालून दुसऱ्यांच्या चुका शोधल्यास आणि आज माझा एक गळा दिसला की बास? बाकी बाई नाही दिसली तुला?" पंखा हलला. "मी कुठल्या हाताने वारा घालतेय, सांग बघू."

तोमोएने बघितलं. बघता बघता ओ-हात्सुच्या गालावरचा तीळ मोठा झाला, काळा झाला, टेबलावर पडला आणि पेन्सिलचं टोक झाला. तोमोए दचकून जागी झाली. गालावर काचेची ऊब होती, शेजारी चहाचा पेला ठेवलेला, बर्फ अजून विरघळायचा होता. म्हणजे झोप दोन मिनिटांचीसुद्धा नव्हती.

उजव्या. ओ-हात्सु उजव्या हाताने वारा घालत होती.

तिने भिंतीवरचा ओ-हात्सुच्या नमुन्याचा कागद बघितला. ठरलं होतं तेच. पंखा उजव्या हातात, तीळ डाव्या गालावर. मग पुढ्यातलं चित्र बघितलं. पंखा उजव्या हातात. तीळ डाव्या गालावर. आरशाची चूक असती तर सगळंच उलटं झालं असतं ना? आरसा काय गळा तेवढा उलटवतो आणि हात सोडून देतो?

तिने कागद पालथा घातला, काचेवर ठेवला. गळा सरळ झाला, पण पंखा डाव्या हातात गेला, तीळ उजव्या गालावर. बाई चुकीची झाली. दुसरा कागद, तिसरा, आठही कागद. तेच. ओनोदेरांनी नेहमीसारखं आरशात बघून काढलं होतं, नेहमीसारखं पालथं घालून, कोरा कागद ठेवून गिरवलं होतं. आणि मग?

तिने डोळे मिटून कागदाच्या पाठीवर बोट फिरवलं. हे तिला त्यांनीच शिकवलं होतं. पुसलेली रेघ डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागते. गळ्यापाशी दोन बारीक चरे लागले, सरळ गळ्याचे. पुसलेले. त्यांच्यावरून उलटा गळा काढलेला. आठही कागदांवर, आठ वेळा, आधी बरोबर काढून, पुसून, मुद्दाम उलटा.

"म्हातारा शुद्धीवर होता!" ती एवढ्या जोरात ओरडली की बांदो टॉवेलसकट धावत आला.

"काय झालं? कोण होता?"

"शुद्धीवर होता रे! तुझ्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा जास्त!" ती हसत होती आणि डोळे गळत होते. "डोकं जरा, म्हणे! तुझंच डोकं जरा!"

बांदोने काही न कळता मान हलवली, आणि टॉवेल पुढे केला. तिने तो घेतला नाही.

कानेमारूबाई वरच्या खोलीत चटईवर मांडी घालून बसल्या होत्या, भोवती पाकिटांचा ढीग. वय अडतीस, पहिलाच मोठा सिनेमा, तीन महिन्यांत नखं कुरतडून संपवलेली. तोमोएने आठ कागद त्यांच्यापुढे मांडले, पालथे घालून खिडकीच्या उजेडात धरले, चरे दाखवले. बाईंनी डोळे मिटून बोट फिरवलं. बराच वेळ फिरवत राहिल्या.

"मुद्दाम," त्या म्हणाल्या.

"मुद्दाम."

"पण का, तोमोए-सान? या शॉटला ओ-हात्सु जिवंत आहे. ती हिवाळ्यात मरते. इथं तिला मढ्याचा किमोनो का?"

तोमोए फक्त बरोबर निघालेल्या चित्राच्या आनंदात वर आली होती. ती म्हणाली, "तुम्ही लिहिलंत, नाओ वळून बघत नाही."

"हो. पळते. बस चुकेल म्हणून."

"मग हे कोण बघतंय?"

कानेमारूबाईंनी शेवटचा कागद पुन्हा उजेडात धरला. बाहेर फाटक पडल्याची घंटा वाजत राहिली.

"कुणीच नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "कुणीच बघितलं नाही तिला. पत्र आल्यावर नाओच्या मनात येत असेल, आजी दारात आली असेल का? पंखा हलवला असेल का? तेव्हा बघते ती. मेल्यावर." त्यांनी कपाळाला हात लावला. "माझा सिनेमा. मी लिहिला. आणि हा शॉट कुणाच्या डोळ्यांनी आहे ते मला एका आजारी म्हाताऱ्याने सांगावं! तेही चिठ्ठी न लिहिता."

"चिठ्ठ्या लिहायचा त्यांना कंटाळा होता."

"राहू दे गळा," बाई म्हणाल्या. मग तोमोएकडे नीट बघून म्हणाल्या, "पण ऐका. लोकांना हे कळणार नाही. शंभरातले नव्वद म्हणतील, चुकलं. सिनेमाच्या शेवटच्या पाटीवर तपासणी म्हणून नाव तुमचं आहे. म्हणतील, एवढी जुनी बाई आणि किमोनोचा गळा दिसला नाही हिला. जन्मभराच्या कामाला डाग लागेल."

"लागू दे."

"नीट विचार करा."

"केला. मी माझ्या हाताने ते पुसलं तर तो डाग मला रोज दिसेल. हा लोकांना दिसेल. लोकांचं काय, ते आईस्क्रीम खात घरी जातील."

बाई हसल्या. मग त्यांनी वेळेचा कागद ओढला. त्यावर एकेका चौकटीचा हिशोब होता, एका सेकंदाला चोवीस. "आणि ही दोन सेकंदं? पंखा हलवून झाला, हात खाली आला, आणि ती नुसती उभी आहे. काही हलत नाही. हे कशाला?"

तोमोएने खाली वाकून बघितलं. शेवटच्या चित्रासमोर ओनोदेरांनी पेन्सिलने एक लांब सरळ रेघ ओढली होती, म्हणजे हेच चित्र धरून ठेवा. रेघेच्या टोकाला आकडा लिहिला होता. अठ्ठेचाळीस.

तिला हॉस्पिटलची खोली जशीच्या तशी आठवली. त्यात आणखी एक वाक्य होतं. ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलासुद्धा. "अठ्ठेचाळीस राहू दे," ओनोदेरा म्हणाले होते, आणि मग हसून, "कापशील तू. तुला घाई असते."

घाई असायचीच. दर भेटीनंतर ती खाली बसथांब्यावर यायची आणि ते तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत येऊन उभे राहायचे. आमच्याकडे निरोप देणारा माणूस, पाहुणा दिसेनासा होईपर्यंत उभा राहतो, आणि जाणारा एकदा तरी वळून वाकतो. ती वळायची, वाकायची, ते हातातला कागदी पंखा हलवायचे. शेवटच्या दिवशी बस थांब्यावर आधीच उभी होती, दार उघडं, तिच्या पिशवीत तपासायची तेरा पाकिटं. ती पळाली. पाठीवर ती खिडकी जाणवत होती. तरी पळाली. वळली नाही. आपण परत येऊच की, असं तिला वाटलं होतं.

"ती वाट बघतेय," तोमोए म्हणाली. "पोरगी आता वळेल, आता वळेल म्हणून. दोन सेकंदं. वळून बघायला तेवढीच लागतात, कानेमारू-सान. जास्त नाही लागत."

मग ती तिथेच चटईवर बसून रडली, चारचौघांत कधी न रडलेली बाई, आणि दिग्दर्शकबाई तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिल्या. अठ्ठेचाळीस राहिले.

मुख्य चित्रांच्या मधली, हालचाल जोडणारी चित्रं तोमोएने दुसऱ्या कुणाला दिली नाहीत. पंधरा होती. पंखा वर जाताना सहा, खाली येताना नऊ, कारण हात खाली आणायला जिवावर येतं. ती संध्याकाळ आणि दुसरी सकाळ तिने काढण्यात घालवली. मग गठ्ठा बोटांत धरून फडफडवला आणि ओ-हात्सु दारात आली, डोळे किलकिले करून बघायला लागली. तोमोएच्या मानेला गार वारा लागला. तो कागदांचाच होता म्हणा.

"झालं?" बांदोने पाकीट घेताना विचारलं.

"झालं."

"गळा तसाच?"

"तसाच."

"बरं," तो म्हणाला. टॉवेल स्वच्छ धुतलेला होता.

तो तेरा तारखेचा दिवस. ओबोनचा पहिला, गेलेली माणसं घरी यायचा. ओनोदेरांचं पहिलंच ओबोन, म्हणून तोमोए द्राक्षांचं खोकं घेऊन त्यांच्या बहिणीकडे निघाली. बहिणीने सकाळी फोनवर सांगितलं होतं, काकडीचा घोडा करून ठेवलाय, काड्यांचे पाय जरा वाकडे झालेत, पण त्यावर बसून दादा येईल कसाबसा. तिच्या घराकडे जाणारी बस हॉस्पिटलसमोर बदलावी लागते. जूननंतर तोमोए त्या थांब्यावर आली नव्हती. दुसऱ्या दोन बस बदलून, लांबचा वळसा घालून जायची. आज ती इथेच उतरली.

ऊन कलत होतं. थांब्याच्या मागे हॉस्पिटलच्या काचांत ढग सरकत होते, एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत. तोमोए रस्त्याकडे तोंड करून, इमारतीकडे पाठ करून उभी राहिली. खोक्यातल्या द्राक्षांचा वास येत होता. पाठीवर काहीतरी जाणवत होतं, जूनमध्ये जाणवलं होतं तसंच. तेवढ्यात वळणावरून बस आली, थांबली, दार उघडलं.

तोमोएने पायरीवर पाय ठेवला. मग काढून घेतला.

"काय हो बाई, चढताय ना?" ड्रायव्हरने विचारलं. "आधीच उशीर झालाय."

"चढते," तोमोए म्हणाली. "दोनच सेकंद थांबा."

आणि ती मागे वळली, तिसऱ्या मजल्याकडे मान वर केली, आणि वाकली.